‘शेकडा तीन’ म्हणजे वर्षाला किती? अकरावीला घरचा आणि धंद्याचा हिशेब शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा. हिंगोली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर नव्यानं लागलेल्या एका मॅडमना प्राचार्यांनी अकरावीला आठवड्यातून दोन तास ‘व्यवसाय आणि वैयक्तिक अर्थनियोजन’ घ्यायला सांगितलंय. नेमलेलं पुस्तक नाही. मॅडमनी स्वतःच एक आराखडा केला: महिन्याचं बजेट, पगाराच्या किती टक्के बचत करावी याचा नियम, एसआयपी (म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात घालणं), शेअर बाजार, आयकर. पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘मॅडम, आमच्याकडं पगारच नाही, तर बजेट कशाचं करायचं?’ वर्ग हसला. आता पुढं काय शिकवू, असं त्यांनी विचारलंय.

मॅडम, त्या पोराला मी पेढा दिला असता. तुमच्या आराखड्यातली खोट त्यानं एका वाक्यात दाखवली. अडचण विषयांच्या यादीत नाही. ती यादी ज्या घरासाठी केलेली आहे, त्या घरात दर महिन्याच्या एक तारखेला पैसे जमा होतात. तुमच्या वर्गात अशी घरं चार-पाच असतील, एखाद्या मास्तरांचं, एखाद्या एसटीतल्या वाहकाचं. बाकीच्यांकडं पैसा हंगामानं येतो. सोयाबीनचा दिवाळीच्या आगेमागे, तुरीचा संक्रांतीनंतर, कापसाचा वेचणी-वेचणीनं, दुधाचा दहा-दहा दिवसांनी, मजुरीचा बाजाराच्या दिवशी. आणि खर्च? पेरणी जूनमध्ये, शाळा-कॉलेजची फी त्याच सुमारास, लग्नं एप्रिल-मे महिन्यांत, दवाखाना केव्हाही. येणं आणि जाणं यांच्यात जे चार-सहा महिन्यांचं अंतर पडतं, ते कशानं भरून काढायचं हाच इथल्या घरांचा मुख्य आर्थिक प्रश्न आहे. ते अंतर बचतीनं भरलं जातं, उसनवारीनं, कर्जानं, नाहीतर दागिना मोडून. तुमचा विषय तिथून सुरू होतो. एसआयपी फार नंतर.

मी परभणी-बीड-लातूर पट्ट्यात चोवीस वर्षं अर्थशास्त्र आणि पुस्तपालन शिकवतोय. पुढं जे सांगतो ते याच पट्ट्याच्या अनुभवातून आलंय, त्यामुळं काही गोष्टी तुमच्या परिस्थितीनुसार बदलतील. वर्ग वाणिज्य शाखेचा असेल तर पुस्तपालनाला जोडून शिकवता येतं. कला शाखेचा असेल तर रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद), खतावणी (खात्यांप्रमाणे नोंद) हे शब्द आधी घरच्या वहीतून आणावे लागतात. संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीकडची मुलं असतील तर पगार, ओव्हरटाइम, कंत्राटदारानं कापलेला पीएफ हे त्यांचं रोजचं जग आहे आणि तिथं तुमचा मूळ आराखडा बराचसा चालेलही. तुमच्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं किती आहेत, हे मात्र आधी बघा. दसरा-दिवाळीनंतर ती वर्गात नसतील. अकरावीचे प्रवेश लांबतात, ऑगस्टआधी वर्ग नीट बसत नाही. म्हणजे ज्या मुलांना कर्जाचं आणि उचलीचं, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांचं, गणित सगळ्यात जास्त उपयोगाचं, ती तुमच्या हाती दोन-अडीच महिनेच असतात. पाठ्यपुस्तकाच्या क्रमानं ‘कर्ज’ जानेवारीत घेतलं, तर त्यांच्या बाकावर धूळ असते. मी व्याज ऑगस्टमध्येच घेतो.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी मोठ्या उत्साहानं गृहपाठ दिला होता: घरावर कुणाकुणाचं किती देणं आहे ते विचारून लिहून आणा. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग वही ‘विसरला’. एक मुलगी चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी तिचे वडील आले, आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले, ‘सर, लेकरासमोर आम्ही हे बोलत नसतो.’ मराठवाड्यात कर्ज हा आकडा नसतो. त्या आकड्यापायी कुणाच्या घरात काय होऊन गेलंय, हे हजेरीपटावर लिहिलेलं नसतं. तेव्हापासून मी कुणालाही स्वतःच्या घरचा आकडा विचारत नाही. सांगू लागला तरी वर्गात थांबवतो, तासानंतर ऐकतो.

त्याऐवजी वर्गानं मिळून एक घर रचायचं. आमचं घर बहुतेक वेळा असं असतं: चार एकर कोरडवाहू, त्यात तीन एकर सोयाबीन, एक म्हैस, आई-वडील, आजी, अकरावीतली मुलगी, सातवीतला मुलगा. एका वर्षी पोरांनी म्हशीचं नाव चंद्री ठेवलं आणि वर्षभर चंद्रीच्या ढेपेचा हिशेब झाला. गंमत अशी, की रचलेल्या घराबद्दल मुलं सगळं खरं बोलतात. ‘सर, एवढ्यात काढणी होत नाही, गुत्तं (ठेक्याची मजुरी) जास्त लागतं’, ‘मळणीवाला कट्ट्यामागं घेतो, ते धरलंच नाही’, ‘मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) हमाली-तोलाई कापून पट्टी येते’. खताच्या भावावरून मुलं माझ्याशी भांडतात. डीएपीची गोणी १,३५० रुपये आणि युरियाची २६६ रुपये ५० पैसे, हे मी छापील किमतीवरून लिहिलं, तर एकजण म्हणाला, ‘दुकानदार सोबत दुसरं काहीतरी घ्यायला लावतो, ते धरा.’ लिंकिंगचं इतकं सोपं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

या घराचा बारा महिन्यांचा तक्ता भिंतीवर लावायचा. वर बारा रकाने, जून ते मे. खाली दोन ओळी, आलेले पैसे आणि गेलेले पैसे. तिसरी ओळ वजाबाकीची. ऋण आकडा आला की तो महिना लाल. लाल महिन्यात हे घर काय करतं, हा प्रश्न विचारा आणि शांत बसा. कर्जाचे जितके प्रकार तुम्हाला ठाऊक आहेत, त्याहून दोन-तीन जास्तच फळ्यावर येतील.

इथून टक्क्याचा तास सुरू होतो. माझ्या मते या सगळ्या अभ्यासक्रमात एकच तास घ्यायची मुभा असती, तर मी हाच घेतला असता.

फळ्यावर दोन ओळी लिहायच्या. सावकार: तीन टक्के. बँकेचं सोनेतारण: नऊ टक्के. कुणाकडून घ्याल? दरवर्षी निम्म्याहून जास्त हात सावकारासाठी वर होतात, आणि ते हुशार मुलांचेही असतात. कारण गावात ‘तीन टक्क्यानं’ म्हणजे शेकडा तीन रुपये, दर महिन्याला. बँक बोलते ते वर्षाचं. शब्द एकच, मुदत वेगळी, आणि मुदत कुणीच उच्चारत नाही. मग आपल्या घराला जूनमध्ये पेरणीसाठी ३०,००० रुपये लागले आणि सोयाबीन विकून फेब्रुवारीत फेडले, असं धरायचं. आठ महिने. सावकाराचं व्याज महिन्याला ९००, म्हणजे ७,२००. बँकेचं नऊ टक्क्यांनी १,८००. आणि सोसायटीचं किंवा बँकेचं पीक कर्ज वेळेत फेडलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं ३ लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. तीन आकडे एकाखाली एक लिहिले की वर्गात जी कुजबुज होते, तिच्यासाठी मी हा धडा ठेवतो.

पण इथं थांबू नका. इथं थांबलात तर ‘आपली माणसं अडाणी, म्हणून सावकाराकडं जातात’ एवढंच पोरं घरी घेऊन जातील. ते खोटं आहे, वर आई-बापाला कमी लेखायला शिकवणारंही आहे. लगेच पुढचा प्रश्न टाका: तरीही लोक का जातात? उत्तरं येतात ती ऐकण्यासारखी असतात. जुनी थकबाकी आहे. सातबारा चुलत्यांसोबत सामाईक आहे. जमीन बटईची, कागदावर आपलं नावच नाही. बँकेच्या तीन चकरा म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडाली. आजी रात्री अकरा वाजता आजारी पडली, तेव्हा कोणती बँक उघडी असते? यातलं प्रत्येक उत्तर म्हणजे अर्थशास्त्रातली एक संकल्पना आहे: पत, तारण, वैकल्पिक खर्च (सोडून दिलेल्या पर्यायाची किंमत), तरलता (गरजेला लगेच हाती येणारा पैसा). नाव तुम्ही द्या, उदाहरण त्यांचं राहू द्या. नंतर कायदा सांगा. सावकारीला परवाना लागतो, राज्याचा सावकारी नियमनाचा कायदा २०१४ चा आहे आणि बेकायदा सावकारीविरुद्ध सहकार खात्याच्या निबंधकाकडं तक्रार करता येते. कायद्यानं सुरुवात केली, तर मुलांना तो नागरिकशास्त्राचा धडा वाटतो.

याच तासाला जोडून ‘फ्लॅट’ व्याज, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लावलेलं व्याज, घ्या, कारण मोटारसायकल आणि मोबाइल यांच्या हप्त्यांत ते येतं. ५०,००० रुपये, ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’, दोन वर्षं. व्याज १२,०००, एकूण ६२,०००, हप्ता सुमारे २,५८३. मुलांना विचारायचं, तेराव्या महिन्यात तुमच्याकडं कंपनीचे ५०,००० शिल्लक आहेत का? नाहीत, जवळपास निम्मे फेडून झालेत. मग व्याज अजून पन्नास हजारांवरच कसं? उतरत्या शिल्लकेवर मांडलं, तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. अकरावीच्या मुलाला सूत्र जमलं नाही तरी चालेल. ‘फ्लॅट ऐकलं की साधारण पावणेदोनपट धरायचं’ एवढा अंदाज पुरतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं किरकोळ कर्जांना मुख्य माहितीचं पत्रक सक्तीचं केलंय, त्यात वर्षाचा खरा दर लिहावा लागतो. एखादं पत्रक मिळवून नावं खोडा आणि वर्गात वाचा.

शब्दांचीच आणखी एक गोष्ट. पुस्तपालनात ‘उचल’ म्हणजे मालकानं धंद्यातून स्वतःच्या घरासाठी काढलेली रक्कम किंवा माल. चाचणीत एका मुलानं लिहिलं होतं: ‘उचल म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे. ते देणे असते.’ (मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी नेणारा.) मी लाल शाई फिरवली. वह्या वाटताना त्यानं काही विचारलं नाही, फक्त शेजारच्याला वही दाखवली. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्यानं ‘देणे’ हा शब्द अगदी बरोबर वापरलाय. मालकाची उचल भांडवलातून वजा होते, मजुराची उचल दायित्व होते. दुसऱ्या दिवशी गुण परत दिला आणि त्या उचलीचंच गणित फळ्यावर मांडलं.

समजा एका जोडीनं, म्हणजे एका कोयत्यानं, लाख रुपये उचलले. तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये धरला. लाखाला ३६६ नं भागलं की २७३ टन येतात. दिवसाला दोन टन तुटला, तर १३७ दिवस, एकही खाडा न करता, आणि फडावर खाण्यापिण्यासाठी घेतलेल्या खर्चीचे पैसे न धरता. कारखान्याचा हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांत आटोपला तर? ‘फिरते सर,’ तोच मुलगा म्हणाला. फिरते म्हणजे पुढच्या साली नावावर येते. मी पुढं काही बोललो नाही. तुम्हीही या ठिकाणी फार बोलू नका. आकडे फळ्यावर राहू द्या आणि तास संपू द्या.

सोयाबीन कधी विकायचं, हा पुढचा विषय. यावर मी सरळ दोन गट पाडून वाद लावतो. एक गट दिवाळीआधी विकणार, दुसरा उन्हाळ्यापर्यंत ठेवणार. २०२१ च्या पावसाळ्यात भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला होता आणि नवा माल येईपर्यंत कोसळला, हे पोरांना घरी ऐकून ठाऊक असतं. त्या हंगामात ज्यांनी माल ठेवला, त्यांना उन्हाळ्यात चांगला भाव मिळाला. ते बघून पुढच्या दोन हंगामांत ज्यांनी ठेवला, ते हात चोळत बसले. म्हणजे ‘थांबलं की भाव मिळतो’ हा नियम नाही, तो एक डाव आहे आणि त्या डावाला खर्च आहे. तो खर्च काढायला शिकवा. आपल्या घराकडं २० क्विंटल माल, भाव ४,२०० धरला तर किंमत ८४,०००. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत किमतीच्या ७५ टक्के, म्हणजे ६३,००० मिळतात, व्याज सहा टक्के. चार महिन्यांचं १,२६०, क्विंटलमागे ६३ रुपये. त्यात साठवणुकीचं भाडं आणि वाळून होणारी घट मिळवा. भाव यापेक्षा जास्त वाढला तरच थांबणं फायद्याचं. शिवाय हमीभावाचा पर्याय आहेच. २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये ठरला, पण तिथं नोंदणी, ओलाव्याची अट, मोजमापाची रांग आणि पैसे खात्यात यायला लागणारे दिवस. ज्या घराला दिवाळीच्या आत दुकानदाराची उधारी भागवायची आहे, त्याला हे दिवस परवडतात का, हा प्रश्न मुलं स्वतःच काढतात. हमीभाव असूनही लोक मोंढ्यात कमी भावानं का विकतात, याचं उत्तर त्यांना त्या लाल रकान्यात सापडतं.

(बारावीला मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, हे शिकवाल, तेव्हा लातूरचं २०१६ साल घ्या. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा. टँकरचा भाव चढला म्हणून पाणी घेणं किती कमी झालं? अलवचिक मागणीची आकृती मग फळ्यावर काढायचीही गरज पडत नाही.)

व्यवसायाचा भाग मी व्याख्यान देऊन शिकवत नाही. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात आमच्याकडं आनंदनगरी भरते, पोरं-पोरी खाण्याचे स्टॉल लावतात, तोच माझा वर्ग. एका वर्षी चौघींनी सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, केली. ६० प्लेटचा माल, २० रुपये प्लेट, ५२ विकल्या, गल्ल्यात १,०४० रुपये. मुरमुरे, कांदे, शेंगदाणे, तेल, कोथिंबीर, कागदी प्लेट असा खर्च ४३०. नफा ६१०, म्हणून चौघी नाचत आल्या. मी विचारलं, गॅस कुणाचा? घरचा. मुरमुरे आणायला गाडी कुणाची? भावाची, दोन चकरा. कांदे कुणी चिरले? आईनं, पहाटे पाचपासून दुपारपर्यंत. मग बसून मांडलं: गॅस ६०, पेट्रोल ८०, आईची अर्ध्या दिवसाची मजुरी १५०. उरले ३२०, वाट्याला प्रत्येकी ८०. एकीचा चेहरा उतरला. दुसरी म्हणाली, ‘आईचे दीडशे धरायचे म्हटलं, तर मग आई रोजच तोट्यात आहे की सर.’

आणि त्या न विकलेल्या आठ प्लेट? चौघींनी आणि मैत्रिणींनी खाल्ल्या. ही पुस्तपालनातली खरी उचल. ती विकायच्या किमतीनं धरायची की खर्चाच्या, यावर पाव तास भांडण चाललं. खर्चाच्या, असं पुस्तक म्हणतं, पण भांडून झाल्यावर सांगितलेलं डोक्यात राहतं. याला जोडून किराणा दुकानाचं एक गणित घ्या: महिन्याला नफा दिसतोय, पण गल्ल्यात रोकड नाही, कारण माल उधारीवर गेलाय आणि उधारी सुटणार सोयाबीन विकल्यावर. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला कळलं त्याला निम्मा धंदा कळला. आपल्याकडची दुकानं तोट्यानं जेवढी बसतात, त्याहून जास्त उधारीनं बसतात असं माझं निरीक्षण आहे.

आता ठेवींबद्दल. इथं मला थोडं स्वतःवरच बोलावं लागेल. वर्गात ‘जास्त परतावा तिथं जास्त जोखीम’ शिकवणाऱ्या या मास्तरानं बँकेपेक्षा चार-पाच टक्के जास्त मिळतात म्हणून एका मल्टिस्टेटमध्ये, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थेत, दोन लाख रुपये ठेवले होते. शाखा चकाचक, काउंटरवरचा मुलगा माझाच माजी विद्यार्थी. एक दिवस शटर खाली आलं ते आलंच. आमच्या भागात असे हजारो लोक आहेत, कुणाचे निवृत्तीचे पैसे, कुणाच्या मुलीच्या लग्नाचे. मी हे वर्गात सांगतो, लपवत नाही. आणि मग तो फरक शिकवतो जो मला माहीत असून मी पाळला नाही. बँक बुडाली, मग ती सहकारी बँक का असेना, तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढवली. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्था यांना हे संरक्षण नाही. पाटीवर ‘को-ऑपरेटिव्ह’ दोन्हीकडं असतं, त्यामुळं पाटी पूर्ण वाचायला शिकवायची: ‘बँक’ शब्द आहे की ‘क्रेडिट सोसायटी’? गावातल्या चार पाट्यांचे फोटो काढून आणायला सांगा, मुलं हौसेनं आणतात. सगळ्या पतसंस्था बुडतात असं मात्र सांगू नका, ते खरं नाही आणि कुणाचे वडील तिथं नोकरीला असतात.

भिशीही याच आठवड्यात घ्या. बोलीच्या भिशीत, म्हणजे जमलेली रक्कम आधी मिळावी म्हणून तिच्यातला काही भाग सोडायची बोली लागते तिथं, जो आधी उचलतो तो किती सोडून देतो, यातून आजचे पैसे आणि उद्याचे पैसे यांतला फरक सूत्राशिवाय कळतो. विम्याला मी एकच तास देतो. वर्षाला २० रुपयांत अपघाताचा २ लाखांचा आणि ४३६ रुपयांत जीवनाचा २ लाखांचा विमा बँक खात्यातूनच मिळतो, आणि दोन्ही अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर घेता येतात, एवढं कळलं तरी पुरे. विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधून विकणारा कुणी ना कुणी प्रत्येकाच्या नात्यात असतो, म्हणून तिथं मी सावध बोलतो.

एक गोष्ट मात्र पहिल्या महिन्यातच सांगून टाका. शिष्यवृत्तीसाठी मुलांची खाती उघडलेली असतात, एटीएम कार्ड खिशात असतं. ‘खातं महिनाभर वापरायला दे, दोन हजार देतो’ असं सांगणारे लोक तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेत. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. फसवणूक झाली तर १९३० हा क्रमांक. तो फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवलाय.

शेअर बाजार शिकवू का, असं तुम्ही विचारलंय. शिकवा, पण फेब्रुवारीत, तीन-चार तास. टाळलं तर मुलं ते रीलवरून शिकतील. शेअर म्हणजे काय, कंपनीला भांडवल का लागतं, इंडेक्स फंड (निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे गुंतवणारा फंड) कसा चालतो, हे नीट सांगा. मग ‘ऑप्शनमधून (म्हणजे भाव पुढं चढेल की उतरेल यावरच्या सौद्यांतून) रोज दोन हजार’ वाल्यांकडं वळा आणि शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेला आकडा ठेवा: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. मी वर्गात शंभर तुरीचे दाणे मोजून टेबलावर ठेवतो आणि सात बाजूला काढतो. आकडा ऐकण्यापेक्षा ते जास्त लागतं.

थोडक्यात माझा क्रम असा पडतो: ऑगस्टमध्ये रचलेलं घर आणि बारा महिन्यांचा तक्ता, लगेच टक्का आणि कर्ज, दसऱ्याच्या आत उचल, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची विक्री, डिसेंबर-जानेवारीत धंदा, त्यानंतर ठेवी-भिशी-विमा, शेवटी शेअर बाजार. आयकर मी जवळजवळ वगळतो. तुमच्याकडं पगारदार घरं जास्त असतील तर तो आत घ्या आणि सोयाबीनचे तास कमी करा.

मूल्यमापनाचं विचारलं नाहीत, पण प्राचार्य विचारतील. लेखी परीक्षा घेऊ नका. बारावीच्या अर्थशास्त्राला २० गुण प्रकल्प आणि तोंडीचे असतात, त्याची तयारी म्हणून हे दाखवता येतं आणि प्राचार्यांनाही पटतं. प्रत्येक गटानं रचलेल्या घराच्या एका निर्णयावर दोन पानं लिहायची: अमुक महिन्यात या घरानं पैसे कुठून आणावेत आणि का. उत्तर बरोबर की चूक हे बघत नाही, व्याज वर्षावर आणलंय का आणि सोडून दिलेला पर्याय मोजलाय का, एवढंच बघतो.

सोमवारी तास असेल तर तक्त्यासाठी एक कार्डशीट पुरणार नाही. दोन जोडून घ्या, आणि जून ते सप्टेंबरचे रकाने इतरांपेक्षा दुप्पट रुंद आखा. गेलेल्या पैशांच्या ओळीत तिथं लिहायला जागा उरत नाही, आणि वरची ओळ चंद्रीच्या दुधाचे पैसे सोडले तर कोरीच असते.